पॉवर वाढवली, पण गाडी थांबणार कशी? परफॉर्मन्स ब्रेक पॅड घेण्याआधी एवढं समजून घ्या

हौशी माणसाच्या हातात टर्बो इंजिनची गाडी आली की खर्चाचा क्रम ठरलेला असतो. आधी अलॉय व्हील्स, मग एअर फिल्टर, मग एक्झॉस्ट. खिशाने साथ दिली तर ‘स्टेज वन’, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं रिमॅप. गाडी पळायला लागते, रील्स पडायला लागतात. ब्रेकची आठवण होते ती एखाद्या रविवारी, घाट उतरताना, पॅडल नेहमीसारखं दाबूनही गाडी नेहमीसारखी थांबत नाही तेव्हा.

मग गॅरेजमध्ये विषय निघतो. मेकॅनिक म्हणतो, परफॉर्मन्सवाले पॅड टाकून देऊ. बाजारात बघावं तर ईबीसी, फेरोडो, हॉक, पॅजिड अशी नावं. एकाच कंपनीचे हिरवे, लाल, पिवळे, निळे पॅड. कुठल्या बॉक्सवर ५०० अंश लिहिलंय, कुठल्यावर ८००. साहजिकच वाटतं, ८०० वाला भारी. घेऊन टाकू.

इथेच गडबड होते. कारण रेसट्रॅकवर जीव वाचवणारा पॅड सकाळी सात वाजता सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडणाऱ्या गाडीत नको त्या क्षणी कमी पडू शकतो. ते कसं, हे समजायला आधी ब्रेक नेमकं काय करतात ते बघावं लागेल.

दीड लिटर पाणी, तीन-चार सेकंदांत

ब्रेकचं काम गाडी थांबवणं, हे बरोबरच आहे. पण भौतिकशास्त्राच्या भाषेत ब्रेक म्हणजे वेगाचं उष्णतेत रूपांतर करणारं यंत्र. माणसांसकट १४०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून शून्यावर आणायची तर साधारण ५ लाख ४० हजार ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. घरातलं दीड लिटरहून थोडं जास्त पाणी उकळी येईपर्यंत तापवायला एवढीच ऊर्जा लागते. गॅसवर त्याला पाच-सात मिनिटं जातात. ब्रेकना हे काम तीन-चार सेकंदांत उरकायचं असतं.

वेग वाढला की हिशेब आणखी बिघडतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १०० ऐवजी १५० ने जाणाऱ्या गाडीत दीडपट नाही, सव्वादोनपट ऊर्जा असते. रिमॅप करून गाडी सरळ रस्त्यावर पूर्वीपेक्षा २० ने जास्त वेग पकडत असेल तर तो सगळा जादा भार पुढच्या वळणाआधी ब्रेकवर येतो.

ही उष्णता जाते मुख्यतः पुढच्या डिस्कमध्ये. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे पुढच्या इंजिनच्या गाडीत साधारण ७० टक्के काम पुढचे ब्रेक करतात. पुढची एक डिस्क सहा-सात किलोची धरली तर १०० वरून एकदा थांबल्यावर ती ५०-६० अंशांनी तापते. १५० वरून थांबलं तर सव्वाशेच्या आसपास. एकदाच थांबलात तर काही बिघडत नाही, पुढच्या दोन किलोमीटरमध्ये वारा लागून डिस्क निवते. पण ती निवायच्या आत पुन्हा, मग पुन्हा, मग पुन्हा ब्रेक लागला तर तापमान पायरीपायरीने चढत जातं. ट्रॅकवर हेच होतं. नोएडाजवळच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे आणि त्याच्या शेवटी जोरदार ब्रेक मारून वळावं लागतं. चेन्नईजवळच्या ट्रॅकची एक फेरी पावणेचार किलोमीटरची. तिथे वळणं एकामागून एक येतात, डिस्कला श्वास घ्यायला फार जागा नसते.

आणि घाट? महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १३५० मीटरवर आहे. आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी १२०० मीटरहून जास्त खाली येते. हा नुसता उतार गाडीला जेवढी ऊर्जा देतो, ती १०० च्या वेगावरून तिसेक वेळा पूर्ण थांबण्याइतकी भरते. त्यातली काही वारा खातो, काही इंजिन ब्रेकिंग खातं. गाडी न्यूट्रलला टाकून किंवा वरच्या गिअरमध्ये सोडून दिली तर मात्र जवळपास सगळा बोजा पॅडवर. त्यामुळे घाटात ब्रेकचा वास येणाऱ्या दहापैकी बऱ्याच गाड्यांना नवीन पॅडची गरज नसते, दुसऱ्या गिअरची असते.

पॅडल कडक की पॅडल मऊ?

‘ब्रेक लागेनात’ ही एकच तक्रार वाटते, पण तिच्या मागे दोन वेगळे आजार असतात. औषधंही वेगळी आहेत. पैसे घालवण्याआधी आपला आजार कुठला हे पायाला कळायला हवं.

पहिला प्रकार: पॅडल नेहमीइतकंच घट्ट आहे, पाय जीव खाऊन दाबतोय, पण गाडी ओढली जात नाही. हा पॅडचा दोष. पॅडमध्ये तंतू, धातूचा चुरा, ग्राफाइट, घर्षण वाढवणारे कण अशा कितीतरी गोष्टी असतात आणि त्यांना बांधून ठेवणारं रेझिन असतं. तापमान पॅडच्या मर्यादेपलीकडे गेलं की रेझिन विघटित होऊ लागतं, घर्षण घसरतं. यालाच ब्रेक फेड म्हणतात. अशा पॅडचा पृष्ठभाग नंतर बघितला तर काचेसारखा चकाकतो, कडा ठिसूळ झालेल्या असतात.

दुसरा प्रकार: पॅडल स्पंजासारखं मऊ लागतं आणि थेट खाली जातं. इथे पॅड निर्दोष असू शकतात. उकळलंय ते ब्रेक फ्लुइड, म्हणजे गॅरेजच्या भाषेतलं ब्रेक ऑइल. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. पण फ्लुइडला उकळी आली की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जाते. पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात जातो. पहिल्या प्रकारात निदान थोडा तरी ब्रेक शिल्लक असतो. दुसऱ्यात काहीच नसतं. म्हणून तो जास्त भीतीदायक.

आता गंमत बघा. फ्लुइड उकळत असताना तुम्ही जास्त तापमान सहन करणारे महागडे पॅड टाकले तर काय होईल? पूर्वी पॅडच आधी हात टेकायचे, म्हणजे धोक्याची सूचना मिळायची. आता पॅड तापत राहतात, चावत राहतात, आणि ती उष्णता कॅलिपरच्या पिस्टनमधून फ्लुइडमध्ये उतरते. सूचना न देता एकदम पॅडल खाली.

म्हणून जाणकार लोक पॅडच्या आधी फ्लुइड बदलतात. डॉट ३ प्रतीच्या ताज्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो, डॉट ४ चा २३०, डॉट ५.१ चा २६०. पण हे फ्लुइड हवेतली आर्द्रता शोषून घेतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हेच आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० वर येतात. म्हणजे कोकणातले किंवा मुंबईतले दोन-तीन पावसाळे काढलेलं, कधीच न बदललेलं डॉट ४ हे ताज्या डॉट ३ पेक्षाही आधी उकळतं. बॉक्सवर काय लिहिलंय याला मग अर्थ राहत नाही. (डॉट ५ नावाचं एक वेगळं सिलिकॉनचं फ्लुइड असतं. नावावरून ते ५.१ चा भाऊ वाटतं, पण नात्यात नाही. ते साध्या फ्लुइडबरोबर मिसळायचं नसतं.)

नवीन पॅडने गाडी लवकर थांबते का?

बहुतेक वेळा, नाही. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण गाडी शेवटी थांबवतो तो टायर. पॅड चाकाला थांबवतो, टायर रस्त्याला धरतो. तुमचे आत्ताचे ब्रेक थंड असताना एबीएस चालू होईपर्यंत चाकं आवळू शकत असतील, तर पॅडची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. त्याहून जास्त चावणारा पॅड लावला तरी एबीएस तेवढंच लवकर मध्ये पडेल, अंतर तेवढंच राहील. कोरड्या चांगल्या रस्त्यावर १०० च्या वेगावरून थांबायला चांगल्या टायरवरची गाडी ४०-४५ मीटर घेते. पाच-सहा वर्षं जुने, कडक झालेले टायर ठेवून पॅडवर खर्च करणं म्हणजे चप्पल फाटलेली असताना मोजे नवे घेण्यातला प्रकार.

मग परफॉर्मन्स पॅड देतो काय? तो देतो सातत्य. पहिल्यांदा ब्रेक मारल्यावर जे वाटलं, तेच दहाव्यांदा वाटणं. पॅडल किती दाबलं की किती ब्रेक लागेल याचा अंदाज शेवटपर्यंत टिकणं. ट्रॅकवर किंवा लांबलचक घाटात याचं मोल मोठं आहे. ऑफिसला जाण्या-येण्यात त्याचा पत्ताही लागत नाही.

युरोपात बदली ब्रेक पॅडसाठी आर ९० नावाचा नियम आहे. पॅडचं काम कंपनीच्या मूळ पॅडच्या तुलनेत १५ टक्क्यांच्या आतबाहेरच असलं पाहिजे, असं तो सांगतो. मूळ पॅडपेक्षा खूप कमी चालत नाही, खूप जास्तही नाही. ब्रेकचा जोर, पुढच्या-मागच्या चाकांमधला समतोल, एबीएसचं गणित हे सगळं गाडी बनवताना मूळ पॅड धरूनच जुळवलेलं असतं. त्यामुळे हे प्रमाणपत्र असलेला रस्त्यावरचा ‘परफॉर्मन्स’ पॅड दुप्पट चावतो, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं.

८०० अंशवाला पॅड का नको?

प्रत्येक पॅडची एक तापमानाची खिडकी असते. त्या खिडकीत तो नीट काम करतो. खिडकीच्या वर गेला की फेड होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. खिडकीच्या खाली असताना काय होतं, हे बॉक्सवर ठळक लिहिलेलं नसतं.

कंपनीने दिलेले साधे पॅड बर्फगार असले तरी लगेच चावतात, कारण ते त्यासाठीच बनवलेले असतात. शहरातल्या वापरात डिस्क क्वचितच १५०-२०० अंशांच्या वर जाते. त्या बदल्यात चारशेच्या पुढे त्यांचा भरवसा नसतो. फास्ट रोड प्रकारातले पॅड थंड असतानाही पुरेसे चावतात आणि वर पाचशेच्या आसपासपर्यंत तग धरतात. खरे ट्रॅक पॅड मात्र दीडशे-दोनशे अंश गरम झाल्याशिवाय जागेच होत नाहीत. थंड असताना त्यांचं घर्षण कमी असतं, शिवाय ते खरखरीत कानसेसारखे डिस्क खरवडतात. रेसमध्ये याची अडचण नसते. चालक पहिल्या फेरीत मुद्दाम ब्रेक दाबत दाबत ते गरम करून घेतो.

आता हाच पॅड लावलेली गाडी डिसेंबरातल्या सकाळी पाचगणीच्या हॉटेलमधून निघाली आहे अशी कल्पना करा. रात्रभर उभी, डिस्क थंडगार, त्यावर दवाचा पातळ थर. पहिल्याच वळणावर समोर शाळेत जाणारी मुलं. पाय सवयीच्या जोराने पडतो, आणि सवयीचा ब्रेक लागत नाही. माणूस दचकतो, मग आणखी जोरात दाबतो. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात १६ मीटरहून जास्त पुढे जाते. दचकण्यात अर्धा सेकंद गेला तरी आठ मीटर गेले. झेब्रा क्रॉसिंग याहून अरुंद असतं.

एक्स्प्रेस वेवरही हाच धोका वेगळ्या रूपात येतो. अर्धा तास ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, गाडी शंभराने चालते. वाऱ्याने डिस्क पूर्ण निवलेली असते. मग अचानक पुढचा ट्रक लेन बदलतो. संपूर्ण प्रवासातला सगळ्यात जोरदार ब्रेक थंड पॅडवर मारावा लागतो. पावसाळ्यात डिस्क ओली, म्हणजे आणखी वाईट.

म्हणून बॉक्सवरचा वरचा आकडा बघण्याआधी खालचा आकडा विचारायचा. शून्यापासून की दोनशेपासून? चांगल्या कंपन्या घर्षण आणि तापमान यांचा आलेख देतात. त्यात रेषा किती उंच आहे यापेक्षा ती किती सपाट आहे, आणि डाव्या टोकाला, म्हणजे थंड भागात, कुठून सुरू होते ते बघा. आलेखही नाही, खालचं तापमानही नाही, नुसता ‘रेसिंग’ असा शब्द आणि ज्वाळांचं चित्र असेल तर तो पॅड विकत न घेतलेला बरा.

पॅडच्या कडेवरची दोन अक्षरं

बऱ्याच पॅडच्या कडेला किंवा मागच्या लोखंडी पट्टीवर आकड्या-अक्षरांची एक ओळ छापलेली असते. तिच्या शेवटी इंग्रजीतली दोन अक्षरं असतात, एफएफ, जीजी, एफजी अशी. ही अमेरिकन पद्धतीची घर्षणाची खूण. पहिलं अक्षर साधारण तापमानाचं, दुसरं गरम असतानाचं. ई म्हणजे घर्षण गुणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफई लिहिलेला पॅड तापल्यावर ढिला पडतो आणि एफएफ टिकून राहतो, एवढं त्यातून कळतं.

पण या अक्षरांवर फार विसंबू नये. एकतर या चाचणीतलं गरम तापमान साडेतीनशे अंशांच्या आतच थांबतं. ट्रॅकवर खरी परीक्षा त्याच्या पुढे सुरू होते. दुसरं म्हणजे एका अक्षराचा पट्टा एवढा रुंद आहे की ०.३६ आणि ०.४४ दोन्ही एफच. रस्त्यावरच्या गाडीसाठी पॅडवर वर्तुळातलं ‘ई’ अक्षर आणि ‘९० आर’ ने सुरू होणारा क्रमांक आहे का, हे बघणं जास्त उपयोगाचं. ती आर ९० ची खूण. ती नसलेला प्रत्येक पॅड वाईट असतो असं नाही, पण असलेला पॅड कुणीतरी तपासलेला असतो. बनावट मालाच्या बाजारात हेही थोडं नाही. विकत घेताना बिल घ्या, सील फोडलेला बॉक्स घेऊ नका, आणि नेहमीच्या किमतीच्या निम्म्यात मिळणारा ‘इम्पोर्टेड’ पॅड कुठून आला असेल याचा विचार करा.

सेमी-मेटॅलिक, सिरॅमिक, ऑरगॅनिक या शब्दांचं काय? विक्रेत्यांचा त्यावर फार भर असतो. ढोबळ मानाने ऑरगॅनिक पॅड शांत आणि मऊ, पण लवकर दमणारे. सिरॅमिकमध्ये धूळ कमी, अलॉय स्वच्छ. सेमी-मेटॅलिक उष्णता चांगली सोसतात, बदल्यात आवाज आणि काळी धूळ देतात. पण प्रत्येक कंपनीची पाककृती वेगळी असते. मसाला तोच लिहिलेला असला तरी दोन घरांची आमटी सारखी लागत नाही. प्रकारापेक्षा त्या विशिष्ट पॅडची तापमानाची खिडकी महत्त्वाची.

या धंद्याची सुरुवातसुद्धा उतारावरूनच झाली, हे मात्र सांगण्यासारखं आहे. इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या डोंगराळ भागात घोडागाड्यांचे चालक उतारावर गाडी आवरायला लाकडी ब्रेकच्या ठोकळ्यांना जुन्या बुटांचं चामडं ठोकायचे, असं सांगतात. ते पाहून हर्बर्ट फ्रूड या माणसाने ब्रेकसाठी खास घर्षण देणारं साहित्य बनवायला घेतलं आणि १८९७ मध्ये कंपनी काढली. आपल्या आडनावाच्या अक्षरांत एक ‘ई’ मिसळून त्याने तिचं नाव ठेवलं फेरोडो. आज रेसिंग पॅडच्या यादीत जे नाव दिसतं, ते हेच.

आपल्या गाडीला काय लागेल?

पहिल्यांदा गाडीखाली वाकून बघा. भारतात ‘परफॉर्मन्स’ म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी गाड्यांना मागे डिस्कच नाही, ड्रम आहेत. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ही तरुणांची लाडकी गाडी, तिलाही मागे ड्रमच होते. ड्रममध्ये पॅड नसतात, ब्रेक शू असतात. आपल्याकडे त्यालाच सरसकट लायनर म्हणतात. ह्युंदाई आय २० एन लाइनला मात्र चारही डिस्क आहेत. चारही डिस्क असतील तर पॅड शक्यतो पुढे-मागे एकाच जातीचे ठेवावेत. फक्त मागे जास्त चावणारा पॅड टाकणं तर अजिबात नको. मागची चाकं आधी आवळली गेली तर गाडीचं शेपूट फिरायला बघतं. मागे ड्रम असतील तर पुढे सौम्य फास्ट रोड पॅडवर थांबणं शहाणपणाचं.

रोजचं शहर आणि महिन्यातून एखादा घाट, गाडी कंपनीतून आली तशीच: अशा माणसाला बहुतेकदा अपग्रेडच लागत नाही. कंपनीचे अस्सल पॅड, ताजं फ्लुइड, चांगले टायर. एवढ्यावर काम होतं. ऐकायला नीरस आहे, पण खरं आहे.

रिमॅप केलेली गाडी, वारंवार घाट, जोरात चालवायची सवय: इथे फास्ट रोड पॅडला खरा अर्थ आहे. थंड असतानाही लगेच चावणारे, वर पाचशेच्या आसपासपर्यंत टिकणारे. थोडी जास्त धूळ आणि सकाळी एखादा चीं आवाज सहन करायची तयारी ठेवा.

वर्षातून दोनदा ट्रॅक डे: पंचाईत खरी यांचीच. रस्त्याचे पॅड ट्रॅकवर पाचव्या-सहाव्या फेरीत दमतात आणि ट्रॅकचे पॅड रस्त्यावर धोकादायक. दोन्हीकडे चालेल असा पॅड म्हणून बरंच काही विकलं जातं. त्यातले काही खरोखर बरेही असतात, पण प्रत्येकात कुठेतरी तडजोड असते. त्यापेक्षा फेऱ्या कमी मारणं हा फुकटातला उपाय आहे. तीन-चार जोरदार फेऱ्या, मग एक फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता. ट्रॅकवर जाताना पॅडची जाडी निम्म्याहून जास्त असू द्या. पातळ पॅड उष्णता अडवू शकत नाही, ती थेट पिस्टन आणि फ्लुइडकडे जाते. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढून गाडी उभी करायची नाही. तापलेल्या डिस्कला पॅड चिकटून बसलेले बरे नसतात.

आणखी एक. नव्या गाड्यांमधली स्टॅबिलिटी कंट्रोल यंत्रणा वळणात एकेका चाकाचा ब्रेक स्वतःहून दाबत असते. ट्रॅकवर तुम्हाला न कळता ती पॅड तापवत राहते. ‘मी मागचे ब्रेक एवढे वापरलेच नाहीत, मग मागचे पॅड कसे संपले?’ या कोड्याचं उत्तर अनेकदा इथे सापडतं.

तापमानाचा अंदाज नको, आकडा हवा असेल तर डिस्कला लावायचे खास रंग मिळतात. ठरावीक अंशांवर त्यांचा रंग बदलतो. कॅलिपरला चिकटवायच्या पट्ट्याही असतात. कोविडच्या काळात कपाळावर रोखायचे तसलं, पण जास्त तापमानाचं इन्फ्रारेड यंत्रही चालतं. फक्त गाडी थांबल्या थांबल्या मोजावं लागतं. एका ट्रॅक डेला आपली डिस्क ४५० वर जाते की ६००, हे कळलं की पॅडची निवड निम्मी सोपी होते.

कॅलिपरवर चिकटवायची लाल प्लॅस्टिकची कव्हरं मात्र कृपा करून काढून टाका. त्यावर इटालियन नाव लिहिलेलं असलं तरी आतला कॅलिपर तोच राहतो. वारा तेवढा अडतो.

विम्याचाही एक मुद्दा आहे, ट्रॅकवाल्यांनी लक्षात ठेवण्याजोगा. भारतातल्या खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगाच्या चाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर भिंतीला लागली तर खर्च स्वतःचा.

पॅड लावले, झालं?

नाही. नवा पॅड डिस्कवर ‘बसवावा’ लागतो. इंग्रजीतला बेडिंग हा शब्द गॅरेजमध्येही आता रुळलाय. पॅडमधल्या साहित्याचा एक अतिशय पातळ, एकसारखा थर डिस्कवर उतरवणं, हे यामागचं काम. तो थर नीट बसला की घर्षण खऱ्या अर्थाने सुरू होतं. जुन्या डिस्कवर आधीच्या पॅडचा थर असतो आणि नवीन पॅड वेगळ्या साहित्याचा असतो, म्हणून डिस्क आधी स्वच्छ करून घ्यावी लागते. डिस्कवर चर पडले असतील, किंवा तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या जवळ ती आली असेल, तर नव्या पॅडबरोबर डिस्कही नवीच.

पद्धत प्रत्येक कंपनी आपल्या कागदावर देते आणि तीच पाळायची. साधारण रूप असं असतं: मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, मध्यम वेगावरून मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करायचा, पण पूर्ण थांबायचं नाही. मग थोड्या जास्त वेगावरून थोड्या जास्त जोराने पुन्हा काही वेळा. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं ब्रेक शक्य तितका न वापरता गाडी चालवत ठेवायची, म्हणजे सगळं निवेल. मध्येच सिग्नल लागला आणि तापलेले पॅड दाबून गाडी उभी केली तर तेवढ्याच जागी पॅडचा जाड ठसा डिस्कवर उमटतो. पुढे ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. मेकॅनिक सांगतो, डिस्क वाकली. ती वाकलेली असेलच असं नाही. बऱ्याचदा हा जाडजूड ठसाच हात हलवत असतो आणि पुन्हा नीट बेडिंग केल्यावर किंवा डिस्क घासून घेतल्यावर थरथर जाते.

हे काम शहरात दुपारी बाराला होत नाही. पहाटे, ओळखीच्या मोकळ्या रस्त्यावर, डिस्क कोरड्या असताना करायचं. आणि बेडिंग पूर्ण होईपर्यंत ब्रेक पूर्ण ताकदीने लागणार नाहीत हे धरूनच घरून निघायचं.

काढलेले जुने पॅड पातळ झाले नसतील तर भंगारात देऊ नका. कुठला डावीकडचा, कुठला उजवीकडचा, आतला की बाहेरचा, हे मागच्या पट्टीवर मार्करने लिहून डबीत ठेवा. ट्रॅकला नियमित जाणारी मंडळी हेच करतात. रस्त्याचे पॅड लावून जातात, पिटमध्ये जॅकवर गाडी उचलून ट्रॅकचे लावतात. संध्याकाळी डिस्क निवल्या की पुन्हा रस्त्याचे. चेन्नईहून पुण्यापर्यंतचे १२०० किलोमीटर त्यांना त्याच पॅडवर यायचं असतं.